अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी सोलवटली, तर दोष औषधाचाच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी मांडतो, म्हणजे काही निसटलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. बाळ २८ व्या आठवड्यात जन्मलं, वजन ९४० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी झटके आले म्हणून फेनोबार्बिटोन सुरू झालं, ते अजून चालू आहे. पहिले पाच दिवस अँपिसिलिन आणि जेंटामायसिन दिलं. १४ व्या दिवशी बाळ मलूल झालं, दूध पचेना, जंतुसंसर्गाची शंका आली म्हणून मेरोपेनेम आणि अमिकासिन. १९ व्या दिवशी तोंडाभोवती, मानेच्या घडीत आणि जांघेत लाली आली, पातळ फोड आले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथली कातडी ओल्या कागदासारखी सुटू लागली. डॉक्टर म्हणाले, औषधाची तीव्र रिअ‍ॅक्शन असू शकते. मेरोपेनेम थांबवलं, त्वचारोगतज्ज्ञांना बोलावलंय. तुम्ही रात्रभर स्टीव्हन्स-जॉन्सनविषयी, म्हणजे औषधामुळे कातडी सुटण्याच्या गंभीर आजाराविषयी, वाचत बसलात आणि आता विचारताय की हे कोणत्या औषधानं केलं, ते देणं ही चूक होती का, इम्युनोग्लोब्युलिन किंवा स्टिरॉइड द्यावं का, आणि बाळ यातून निघेल का. शेवटी एक ओळ आहे: बाळाच्या आईनं त्याला हात लावला तर चालेल का?

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी वीसहून अधिक वर्षं काम करतोय. तरीही बाळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, आणि मी ते करणारही नाही. तुमचे डॉक्टर रोज बाळाच्या उबदार काचपेटीपाशी उभे आहेत. माझ्या म्हणण्यात आणि त्यांच्या म्हणण्यात फरक दिसला तर त्यांना विचारा. अशा वेळी आमच्या डोक्यात काय चालतं, कशावरून कशाची शंका घेतो, एवढं मात्र मी नक्की सांगू शकतो.

तुम्ही विचारलंय ‘कोणतं औषध’. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की हे औषधामुळेच झालंय का? इतक्या लहान बाळाची कातडी सुटण्याची कारणं बरीच आहेत आणि खरी औषधाची ॲलर्जी त्यांत खूप खाली येते. ते ठरवायला माझ्यासारख्याला दोन गोष्टी लागतात. कातडी नेमकी कोणत्या थरातून सुटली, आणि प्रत्येक औषध कोणत्या दिवशी सुरू झालं. बाकीच्या तपासण्या या दोन उत्तरांना आधार देण्यासाठी असतात.

आधी त्वचेबद्दल. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगावर सर्वांत वरचा जो राठ थर असतो त्यात दहा ते वीस पदर असतात. २८-३० आठवड्यांच्या बाळात ते दोन-तीनच असतात, २४ आठवड्यांच्या बाळात जवळजवळ नसतातच. वरची त्वचा खालच्या त्वचेशी ज्या बारीक धाग्यांनी बांधलेली असते तेही विरळ. म्हणून चिकटपट्टी काढताना पट्टीबरोबर कातडीच निघून येते. माझ्या कामात सोललेली त्वचा मी सर्वाधिक वेळा पाहिली ती या कारणानं. नळी बसवलेल्या जागी, हृदयाच्या ठोक्यांचे इलेक्ट्रोड लावलेल्या जागी, चौकोनी किंवा गोल, अगदी पट्टीच्याच आकाराची.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जन्मानंतर ही त्वचा हवेच्या स्पर्शानं भराभर पक्की होते. २८ आठवड्यांच्या बाळात दोन ते चार आठवड्यांत बराच फरक पडतो. म्हणजे १९ व्या दिवशी तुमच्या बाळाची त्वचा पहिल्या दिवसापेक्षा खूप सावरलेली असणार. पहिल्या आठवड्यात असं झालं असतं तर मी नाजूकपणाला बोल लावला असता. तिसऱ्या आठवड्यात, घडीघडीत, दोन्ही बाजूंना आणि एका दिवसात पसरलेलं सोलवटणं नुसत्या कोवळेपणावर ढकलता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे गांभीर्यानं घेतलं ते योग्यच केलं.

आता थराचा मुद्दा. वरवरच्या थरातून कातडी सुटणं आणि पूर्ण जाडीनं सुटणं, हे दोन वेगळे आजार आहेत. दिसतात मात्र सारखे, इतके सारखे की जाणत्या डोळ्यांनाही चकवा बसतो. १९५६ मध्ये ॲलन लायल यांनी भाजल्यासारखी कातडी सुटण्याच्या आजाराचं वर्णन केलं आणि त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस हे नाव दिलं. आपण त्याला टेन म्हणू. त्यांच्या त्या पहिल्या चार रुग्णांमधल्या एकाला मुळात वेगळाच, जंतूंच्या विषामुळे होणारा आजार असावा, असं पुढे मानलं गेलं. तो दुसरा आजार नवजात बाळांत १८७८ मध्येच रिटर यांनी वर्णन केला होता. १९७० मध्ये मेलिश आणि ग्लासगो यांनी नवजात उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की स्टॅफिलोकोकस जंतू घातले की कातडी तशीच सुटते. आज आपण त्याला स्टॅफिलोकोकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम म्हणतो. हे जंतू नाकात, बेंबीत, डोळ्यांच्या कडेला कुठंतरी बसतात. त्यांचं विष रक्तातून त्वचेत येतं आणि वरच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं डेस्मोग्लेन-१ हे प्रथिन कापतं. लहान बाळाच्या शरीरात त्या विषाला उतारा देणारी प्रतिद्रव्यं कमी असतात, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडंही पुरती तयार नसतात. म्हणून हा आजार बाळांना जास्त गाठतो.

तुम्ही सांगितलेल्या जागा, म्हणजे तोंडाभोवती, मानेची घडी, जांघ, वाचल्या तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हाच आजार आला. हे निदान नव्हे, पहिली शंका आहे. टेनमध्ये तोंडाच्या आतली त्वचा, ओठ, डोळे, लघवीची जागा अशी ओली अस्तरं जवळजवळ नेहमी पकडली जातात. जंतूंच्या विषाच्या आजारात तोंडाभोवती भेगा आणि खपल्या दिसतात, पण तोंडाच्या आत सगळं ठीक असतं. याचं कारणही सोपं आहे. ओल्या अस्तरात डेस्मोग्लेन-३ भरपूर असतं आणि ते विष त्याला कापू शकत नाही. तुमच्या लिहिण्यात तोंडाच्या आतलं काहीच आलेलं नाही. उद्या सकाळी राऊंडच्या वेळी पहिला प्रश्न हा विचारा: ‘तोंडाच्या आत आणि डोळ्यांत जखमा आहेत का?’

पुस्तकात एक चाचणी दिलेली असते. त्वचेवर बोटानं हलका दाब देऊन घासायचं आणि कातडी सरकते का ते बघायचं. एवढ्या लहान बाळात ती करू नये असं माझं ठाम मत आहे. कोवळी कातडी कोणत्याही कारणानं सरकते, त्यातून कळत काहीच नाही, आणि बाळाच्या अंगावर एक जखम वाढते.

त्यापेक्षा त्वचेचा तुकडा तपासावा. बायोप्सी म्हटलं की आईवडील घाबरतात, आणि ते साहजिक आहे. अनेकदा आधी कापावंसुद्धा लागत नाही. आपोआप सुटलेली कातडी गुंडाळी करून पाठवली आणि प्रयोगशाळेनं ती गोठवून लगेच पाहिली, तर काही तासांत कळतं की फक्त वरचा पापुद्रा निघालाय की पूर्ण जाडीची, मेलेल्या पेशींची त्वचा. पहिलं असेल तर जंतूंचं विष, दुसरं असेल तर टेनकडे कल. शंका उरलीच तर तीन मिलिमीटरचा छोटा तुकडा घेतात. मला विचाराल तर तो घ्यावा, कारण त्या उत्तरावर उपचार बदलतात. पहिल्या आजारात स्टॅफिलोकोकसवर चालणारं अँटिबायोटिक तातडीनं सुरू करायचं असतं, दुसऱ्यात असलेली औषधं कमी करायची असतात. मेरोपेनेम आणि अमिकासिन ही जोडी काही हट्टी स्टॅफिलोकोकस जंतूंवर चालत नाही. त्यामुळे ‘बाळाला तर आधीच दोन अँटिबायोटिक्स चालू होती’ एवढ्यावरून ही शक्यता मी बाद करणार नाही.

आता तारखांकडे वळू. स्टीव्हन्स-जॉन्सन आणि टेन हे एकाच आजाराचे लहानमोठे अवतार आहेत. सुटलेली कातडी अंगाच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर पहिलं नाव, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर दुसरं, मधलं ते दोन्हींच्या सीमेवरचं. बाळाचा बोटांसकट एक तळवा म्हणजे साधारण १ टक्का, असा ढोबळ हिशेब आम्ही धरतो. यात शरीराच्याच टी पेशी, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, औषधाला शत्रू समजून त्वचेच्या पेशी मारत सुटतात. पण शत्रू ओळखायला त्या पेशींना आधी शिकावं लागतं, आणि शिकायला दिवस लागतात. म्हणून औषध पहिल्यांदा सुरू झाल्यापासून साधारण ४ ते २८ दिवसांत हा आजार दिसतो. नवजात बाळाच्या टी पेशी अजून कोऱ्या पाटीसारख्या असतात. एवढ्या लहान वयात खरी टेन क्वचितच दिसते, त्याचं एक कारण हे असावं असं मी मानतो. माझ्या सगळ्या वर्षांत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, बायोप्सीनं पक्की झालेली अशी बाळं मी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच पाहिली.

हा हिशेब तुमच्या बाळाला लावून बघा. मेरोपेनेम आणि अमिकासिन १४ व्या दिवशी आलं, कातडी १९ व्या दिवशी सुटली. पाच दिवस. वेळेच्या चौकटीत कसंबसं बसतं, पण पहिल्यांदाच दिलेल्या औषधासाठी जरा लवकरच. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन पाचव्या दिवशीच बंद झाली होती, शरीरातून कधीच निघून गेली असणार. ती मी यादीच्या तळाशी टाकेन. फेनोबार्बिटोन दुसऱ्या दिवशी सुरू झालं, म्हणजे १७ दिवस. ते चौकटीच्या बरोबर मध्यात येतं, आणि मोठ्या माणसांत व मुलांत असा आजार करण्याबद्दल हे औषध ओळखलं जातं. म्हणजे ही खरोखर औषधाची टेन असेलच, तर माझा संशय आधी फेनोबार्बिटोनवर जाईल, मेरोपेनेमवर नाही. माणसाचं मन सर्वांत शेवटी आलेल्याला दोषी धरतं. पाहुणा आला आणि वस्तू हरवली की नजर त्याच्याकडे जाते, तसंच. औषधांच्या बाबतीत ही सवय वारंवार फसवते.

तुमच्या डॉक्टरांनी मेरोपेनेमच का थांबवलं हे मला इथून कळणार नाही. रक्ताचं कल्चर (जंतू वाढतात का ते पाहण्याची तपासणी) स्वच्छ आलं असेल, त्याची गरजच संपली असेल. ते विचारा. आणि हेही विचारा की फेनोबार्बिटोनला पर्याय देता येईल का. इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे शब्द मनापासून वापरतो. बाळाचे झटके थांबलेत का, मेंदूच्या सोनोग्राफीत काय आहे, यावर ते ठरेल. बदलायचं ठरलंच तर फेनिटॉइन नको, कारण त्याची रासायनिक ठेवण फेनोबार्बिटोनच्या जवळची आहे आणि एकाला चिडलेलं शरीर दुसऱ्यालाही चिडू शकतं. लेव्हेटिरासेटाम वेगळ्या घराण्यातलं आहे. आणखी एक गोष्ट. नवजात बाळाच्या शरीरातून फेनोबार्बिटोन फार सावकाश जातं, निम्मं व्हायलाच १०० तासांच्या आसपास लागू शकतात. म्हणजे आज बंद केलं तरी काही दिवस ते रक्तात राहणार. दोन-तीन दिवस नवे फोड येत राहिले म्हणून ‘हे औषध नव्हतंच’ असा निष्कर्ष काढू नका. आणि एकदम बंद केलं म्हणून झटके लगेच उसळतील अशीही भीती नको, कारण ते आपोआप हळूहळूच उतरतं.

राहिलेली कारणं मी झपाट्यानं सांगतो, पण प्रत्येकाबद्दल एकेक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. एक किलोच्या आतल्या बाळात बुरशीचा संसर्ग त्वचेवर भाजल्यासारखा दिसू शकतो, विशेषतः पेटीतल्या दमट हवेत. तिथलं थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कळतं. रक्तातला तीव्र जंतुसंसर्गही कातडी पूर्ण जाडीनं मारू शकतो, आणि तुमचं बाळ १४ व्या दिवशी आजारी पडलंच होतं, हे विसरता येत नाही. शिरेतून बरेच दिवस पोषण चालू असेल तर जस्ताची कमतरता होते. तिच्याही जागा तोंड आणि जांघ याच, पण ती सहसा जरा उशिरा आणि सावकाश येते. जन्मजात फोडांचा आनुवंशिक आजार असतो, तो बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच दिसतो. आणि बाळाला रक्त दिलं असेल तर ते किरणोत्सर्गानं प्रक्रिया केलेलं होतं का, तसंच रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी फार कमी आहेत का, हे पाहून घ्यावं. रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच नसलेल्या बाळात दुसऱ्याच्या पेशी, कधी आईच्यासुद्धा, बाळाच्या त्वचेवर हल्ला करतात, आणि ते दृश्य थेट औषधाच्या रिअ‍ॅक्शनसारखं असतं. हे दुर्मीळ आहे. पण ते सुटलं तर बाळ हातचं जातं, म्हणून मी हा प्रश्न कधी वगळत नाही.

औषधामुळे झालेली, पण ॲलर्जी नसलेली इजा मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आईवडिलांच्या आणि कधीकधी आमच्याही मनात या दोन गोष्टींची गल्लत होते. कॅल्शियम, डोपामिन, तीव्र ग्लुकोज, फेनिटॉइन, असायक्लोव्हिर ही औषधं शिरेतून बाहेर झिरपली तर सुईभोवतीची त्वचा फिकी पडते, मग काळीनिळी होते, फोड येतो. ते त्या रसायनानं झालेलं भाजणं आहे आणि एकाच जागी असतं. व्हँकोमायसिन भरभर दिलं तर चेहरा-मान लालबुंद होते. तीही ॲलर्जी नव्हे, सावकाश दिलं की बहुतेक वेळा पुन्हा होत नाही. काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळाला मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य दिलं तर अंगावर फोड येऊ शकतात. आणि जंतुनाशक द्रव.

त्या जंतुनाशकाची एक आठवण मी आजही विसरलेलो नाही. शिकाऊ डॉक्टर असताना २५ आठवड्यांच्या एका बाळाची पाठ तिसऱ्या दिवशी लाल होऊन सोलली. अँपिसिलिन चालू होतं. मी केसपेपरवर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी एका अनुभवी सिस्टरनी मला पेटीपाशी नेलं आणि त्या लालीची कड दाखवली. सांडलेलं पाणी जमिनीवर पसरतं तशी वेडीवाकडी पण स्पष्ट कड. बेंबीत नळी घालताना लावलेलं अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन पाठीखाली ओघळून साठलं होतं. ते पुसायचं राहिलं होतं, आणि बाळ त्यात काही तास पडून राहिलं. तोपर्यंत अँपिसिलिन बदलून त्याला त्याहून जड औषध दिलं गेलं होतं. मी तारखा मांडल्या असत्या तर पहिल्या तीन दिवसांत नव्या औषधाची अशी ॲलर्जी बसत नाही हे मलाच दिसलं असतं. तेव्हापासून कातडी सुटलेलं बाळ आलं की मी आधी कागदावर आडव्या रेघा ओढतो. प्रत्येक औषधाला एक रेघ, कधी सुरू, कधी बंद. त्यात नुसती शिरेतली औषधं येत नाहीत. जंतुनाशकं, मलमं, चिकटपट्ट्या, रक्त, डोळे तपासताना घातलेले थेंब, आणि बाळंतपणाआधी आईनं घेतलेली औषधंसुद्धा येतात, कारण ती नाळेतून पोचलेली असू शकतात. तुमच्या डॉक्टरांना अशी यादी दाखवायला सांगा. बहुतेक जण आनंदानं दाखवतील.

कारण सापडेपर्यंत काय करायचं? सुदैवानं शुश्रूषेचा मोठा भाग कारण कोणतंही असो, जवळजवळ सारखाच आहे आणि तोच बाळाला वाचवतो. ज्या औषधांवाचून भागेल ती सगळी थांबवायची. सुटलेल्या कातडीतून पाणी, मीठ, प्रथिनं आणि ऊब निघून जाते. म्हणून पेटीतली हवा उबदार आणि दमट ठेवतात, वजन, लघवी आणि रक्तातलं सोडियम वारंवार पाहून द्रवाचं प्रमाण ठरवतात. हवा फार दिवस फार दमट ठेवली तर जंतू वाढतात, त्यामुळे हे रोज तोलावं लागतं. जखमेवर सिलिकॉनची न चिकटणारी जाळी किंवा पेट्रोलियम जेलीचा थर लावतात. सुटलेली कातडी ओढून काढायची नाही, तीच खालच्या जखमेचं झाकण असते. अंगावर चिकटपट्टी शक्यतो नकोच. डोळे पकडले असतील तर नेत्रतज्ज्ञांनी लगेच आणि पुन्हा पुन्हा पाहायला हवेत, कारण टेनमधून बरं झाल्यावर जे नुकसान मागे राहतं त्यात डोळ्यांचं सर्वांत जड असतं. आणि वेदनेचं औषध. बाळ रडत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. एवढ्या लहान बाळात रडण्याचीही ताकद नसते, कपाळावरची आठी आणि हृदयाचे वाढलेले ठोके वाचावे लागतात. ते मिळतंय का, हे जरूर विचारा.

सल्फा असलेलं चांदीचं मलम मोठ्यांच्या भाजण्यावर वापरतात, ते या बाळाला नको. सल्फामुळे कावीळ मेंदूला बाधण्याचा धोका वाढतो आणि चांदी त्वचेतून शोषली जाते. आयोडिनही नको, ते थायरॉइड दाबतं. बाहेरून कोणी सुचवलेलं कुठलंही तेल, लेप, पावडर तर मुळीच नको. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये हेक्झाक्लोरोफिनचं प्रमाण चुकून जास्त झालेली बाळांची टाल्कम पावडर विकली गेली, आणि ते औषध त्वचेतून मेंदूपर्यंत पोचून अनेक बाळं दगावली. त्या बाळांमध्ये धडधाकट बाळंही होती. सोललेली त्वचा तर उघडं दार आहे.

तुम्ही इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइडबद्दल विचारलंय. बायोप्सीत पूर्ण जाडीची टेन निघाली आणि कातडी सुटणं थांबत नसेल, तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं, देण्याचा विचार मी करतो. त्याच्या उपयोगाबद्दल मोठ्या माणसांतही एकमत नाही, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दलचं ज्ञान एकेका बाळाच्या नोंदींवर उभं आहे. म्हणून कोणी ‘हे दिलंच पाहिजे’ किंवा ‘हे कधीच देऊ नये’ म्हणालं तर दोघांवरही लगेच विश्वास ठेवू नका. स्टिरॉइडबाबत माझा हात आखडता आहे. या वयात संसर्ग वाढण्याची, आतड्याला छिद्र पडण्याची भीती खरी असते, आणि निदान जर जंतूंचं विष निघालं तर स्टिरॉइडनं नुकसानच होतं. थर कळल्याशिवाय मी ते देत नाही.

बाळ यातून निघेल का? थर वरचा असेल आणि योग्य अँटिबायोटिक वेळेत मिळालं, तर साधारण १० ते १४ दिवसांत कातडी भरून येते आणि व्रण राहत नाही. पूर्ण जाडीची टेन असेल तर आजार गंभीर आहे हे मी लपवणार नाही. किती टक्के अंग सोललंय, रक्तात संसर्ग शिरतो का, फुप्फुसं आणि आतडी कशी आहेत, यावर सगळं अवलंबून राहील. मोठ्या माणसांत धोका मोजायला जो गुणांक वापरतात तो नवजात बाळांसाठी बनलेलाच नाही. तो कुठे वाचून घरी आकडेमोड करू नका. मी स्वतः पहिले तीन-चार दिवस नवे भाग सुटणं थांबतंय का एवढंच बघतो. ते थांबलं की त्वचा आश्चर्य वाटेल अशा वेगानं परत येते.

चुकीबद्दल. झटके आलेल्या बाळाला फेनोबार्बिटोन देणं, मलूल बाळाला अँटिबायोटिक देणं, ही चूक नाही. कोणत्या बाळाला अशी रिअ‍ॅक्शन येईल हे आधी ओळखण्याची चाचणी या बाळांसाठी आमच्याकडे नाही. चूक पुढे होऊ शकते, आणि ती टाळणं तुमच्या हातात आहे. घरी जाताना डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘औषधाची ॲलर्जी’ लिहून घेऊ नका. कोणत्या दिवशी काय दिसलं, तोंडाच्या आत काय होतं, कातडीच्या तपासणीत थर कोणता निघाला, आणि संशय किती पक्का, हे लिहून घ्या. बायोप्सीनं टेन पक्की झाली असेल तर संशयित औषध आणि त्याची भावंडं आयुष्यभर टाळायची, ‘थोडं देऊन बघू’ असा प्रयोग कोणालाही करू द्यायचा नाही. आणि जंतूंचं विष निघालं, तर ॲलर्जीचा शब्द कार्डावरून खोडून घ्यायचा. नाहीतर दहा वर्षांनी साध्या न्यूमोनियात कोणी तरी तो वाचून बाळाला नको ते जड औषध देईल.

आणि तुमची शेवटची ओळ. हो, आईला हात लावू द्या. हात धुऊन, अंगठी-बांगड्या काढून, सिस्टरना विचारून. कुरवाळायचं मात्र नाही, कारण फिरणारा हात कोवळ्या कातडीला ओढतो. एक तळवा डोक्यावर आणि एक पावलांभोवती, जिथे जखम नाही तिथे, नुसता ठेवायचा आणि तसाच राहू द्यायचा. पट्ट्या बदलायच्या वेळी तिनं तिथं असावं, त्या वेळी बाळाला तिच्या हाताची सर्वांत जास्त गरज असते. दूध काढत राहायचं. सध्या नळीतून एक-एक मिली जात असेल, तरी ते तिचंच असू द्या.

तोंडाच्या आतलं काय ते कळलं आणि त्वचेचा रिपोर्ट आला की लिहा, मी वाट पाहतो.